सगळं धरून

"सगळं धरून किती?" हा प्रश्न मी आयुष्यभर विचारत आले. रंगाऱ्याला, आचाऱ्याला, मंगल कार्यालयाच्या माणसाला, शाळेची सहल न्यायची असली की बसवाल्याला. आकडे सुटे सुटे सांगितले की मला धास्ती वाटते. एकदाच काय ते सांगा बाबा, मागाहून "बाई, हे वेगळं आणि ते वेगळं" नको. त्यामुळे २०२३ च्या जुलैमध्ये माझा एक जुना विद्यार्थी दोन कागद घेऊन सल्ला विचारायला आला, तेव्हा मी काय सांगितलं असेल ते मला ओळखणारं कुणीही सांगेल.

विद्यार्थी म्हणजे आता पन्नाशीचा गृहस्थ. १९८९ च्या दहावीचा. माझ्या मराठीच्या तासाला तिसऱ्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानावर वळणदार अक्षरं काढत बसायचा. शुद्धलेखनाच्या नावाने आनंद, पण अक्षर मोत्यासारखं. पुढे त्या अक्षरावरच त्याने पोट भरलं. सांगलीत त्याचं नावाच्या पाट्या, ट्रॉफ्या, स्मृतिचिन्हं करून देण्याचं दुकान आहे. हाताने कोरायचे दिवस संपले म्हणून त्याला लाकडावर आणि अॅक्रिलिकवर लेझरने कोरणारं मशीन घ्यायचं होतं. इथल्या व्यापाऱ्याकडे ते महाग पडत होतं, म्हणून त्याने थेट चीनमधल्या एका कारखान्याशी व्हॉट्सअॅपवर बोलणी लावली होती. पैसे थोडे कमी पडत होते, ते लाखभर रुपये मी माझ्या ठेवीतून देणार होते. म्हणजे सल्ला नुसता बाईंचा नव्हता, सावकाराचाही होता म्हणा ना!

त्या दोन कागदांवर एकाच मशीनच्या दोन किमती होत्या. एकावर लिहिलं होतं "सीआयएफ न्हावा शेवा", चार लाख. दुसऱ्यावर "डीडीपी सांगली", चार लाख नव्वद हजार. (मूळ आकडे डॉलरमध्ये होते. मी रुपये करून, तेही गोल करून सांगते आहे.)

"म्हणजे काय रे हे?" मी विचारलं.

"बाई, पहिल्यात ते आपल्या बंदरापर्यंत आणून देणार. पुढचं आपण बघायचं. कस्टम, ड्यूटी, एजंट, ट्रक. दुसऱ्यात सगळं त्यांच्याकडे. ड्यूटी भरून मशीन दुकानाच्या दारात. आपण फक्त उतरवून घ्यायचं."

"सगळं धरून?"

"सगळं धरून."

"मग विचार कसला करतोस? दुसरा घे."

एवढाच माझा सल्ला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मी असं का म्हटलं त्याला एक जुनी गोष्ट आहे. १९९४ साली माझ्या धाकट्या भावाने इंग्लंडहून आमच्या शाळेसाठी स्लाइड दाखवायचा प्रोजेक्टर पाठवला. तो सोडवून आणायला मला सांगलीहून दोनदा मुंबईला जावं लागलं. रात्रीच्या एस.टी.ने जायचं, सकाळी एका कार्यालयाच्या दारात उभं राहायचं. पहिल्या खेपेला खरेदीची पावती नाही म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला तीन खिडक्या, दोन शिक्के आणि मला न समजणारी एक रक्कम. भरली आणि खोकं घेऊन आले. घरी येऊन उघडलं तर बल्ब फुटलेला. कस्टम म्हटलं की मला अजून ती जिन्याखालची बाकं आणि घामट वास आठवतो. तेव्हा आपल्या मुलाने त्या बाकावर बसू नये, एवढंच माझ्या मनात होतं. दुसरं कुणी आपल्या वतीने ते करत असेल तर नव्वद हजार म्हणजे जास्त नाहीत, असं वाटलं.

ती अटींची अक्षरं नेमकी काय असतात हे मी नंतर वाचून काढलं. आधी वाचायला हवं होतं हे खरंच, पण वाचलं नंतर. मला समजलं तसं सांगते.

आपल्याकडे लग्न ठरलं की याद्या होतात. मानपान कुणाकडे, जेवणावळ कुणाची, वऱ्हाडाची गाडी कोण करणार, हे दोन्हीकडची वडीलधारी बसून कागदावर उतरवतात. का, तर मांडवात भांडण नको. देशोदेशींच्या व्यापाऱ्यांच्याही अशाच याद्या आहेत. पॅरिसमधल्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स या संस्थेने त्या १९३६ साली पहिल्यांदा छापल्या. त्यांना इन्कोटर्म्स म्हणतात. मधूनमधून त्या सुधारतात. सध्या १ जानेवारी २०२० पासूनची आवृत्ती चालू आहे आणि तिच्यात ११ अटी आहेत. प्रत्येक अटीला तीन अक्षरांचं नाव. प्रत्येकीत हेच ठरलेलं, की माल कुठपर्यंत पोचवण्याचा खर्च आणि जोखीम विकणाऱ्याची आणि कुठून पुढे घेणाऱ्याची. एका टोकाला ईएक्सडब्ल्यू. माल आमच्या कारखान्यात ठेवलाय, येऊन घेऊन जा. दुसऱ्या टोकाला डीडीपी, म्हणजे डिलिव्हर्ड ड्यूटी पेड. जकात भरून माल तुमच्या दारात. लग्नाच्या भाषेत सांगायचं तर, तुम्ही फक्त अक्षता टाकायला या.

या अकरा अटींत डीडीपी ही एकच अशी आहे, की जिच्यात विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या देशातली आयात स्वतः करायची असते. याच्या अगदी शेजारी डीएपी नावाची अट आहे. तिच्यातही माल दारापर्यंत येतो, पण आयातीचे कागद आणि कर घेणाऱ्याकडे. वरवर बघितलं तर फरक फक्त पैसे कुणी भरायचे एवढाच वाटतो. मलाही तसंच वाटलं असतं. पण कर भरायचा म्हणजे कुणाच्या तरी नावाने भरावा लागतो. लग्नाचा खर्च कुणी का करेना, रजिस्टरवर सही नवरा-नवरीचीच लागते ना, तसं.

आपल्याकडे परदेशातून धंद्यासाठी माल आणायचा तर आयईसी नावाचा क्रमांक लागतो. आणि माल सोडवताना कस्टमकडे बिल ऑफ एन्ट्री नावाचा कागद दाखल करावा लागतो. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातली ती तरतूद आहे. त्या कागदावर आयातदाराचं नाव, मालाचं वर्णन, किंमत आणि भरलेला कर असतो. चीनमधल्या त्या कारखान्याकडे इथला आयईसी असण्याचं कारण नव्हतं. मग आमच्या मशीनचं बिल ऑफ एन्ट्री कुणाच्या नावाने निघणार होतं? हा प्रश्न मला पडायला हवा होता. पॅरिसच्या त्या संस्थेच्या पुस्तकातसुद्धा सावध केलेलं आहे, की विकणाऱ्याला तिथली आयात करता येत नसेल तर डीडीपी धरू नका, दुसरी अट धरा.

आणि गंमत म्हणजे माझ्या विद्यार्थ्याकडे आयईसी होता! बँकेतून परदेशी पैसे पाठवायला लागतो म्हणून त्याने घरबसल्या ऑनलाइन काढला होता, पाचशे रुपये फी भरून.

दुसरी चूक तर याहून साधी, आणि तिची मला जास्त लाज वाटते. गणिताची. मी मराठी आणि इतिहास शिकवला, पण पाचवीला गणिताचे तासही घेतले आहेत.

मशीन चार लाखांचं. त्यावर तेव्हा मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के, म्हणजे ३०,००० रुपये. त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, ३,००० रुपये. मग या सगळ्याच्या बेरजेवर, म्हणजे ४,३३,००० वर, अठरा टक्के आयजीएसटी, ७७,९४० रुपये. एकूण कर १,१०,९४०. एजंट, बंदरावरचे खर्च आणि ट्रक मिळून आणखी पस्तीस हजार धरा. सगळी बेरीज ५,४५,९४०.

आता बघा. कर सरकारचा आहे. तो चिनी माणसाने भरला काय नि सांगलीच्या माणसाने भरला काय, तेवढाच राहणार. मग "सगळं धरून" ४,९०,००० मध्ये कसं बसलं? नुसतं मशीन आणि कर मिळूनच पाच लाख अकरा हजारांच्या घरात जातात. कुणी परोपकारी कारखानदार आपल्या खिशातून आमचा कर भरत होता का? पाचवीतल्या मुलाने असं उत्तर आणलं असतं तर मी वहीवर लाल शेरा मारून "पुन्हा कर" लिहिलं असतं. स्वस्त पडलं म्हणून आम्ही दोघांनी पेढा खाल्ला.

शिवाय तो आयजीएसटी धंदेवाल्याला आपल्या पुढच्या करातून वळता करून मिळतो. म्हणजे स्वतः आयात केली असती तर आधी ५,४५,९४० गेले असते, पण त्यातले ७७,९४० परत आले असते. राहिले ४,६८,०००. आम्ही घेतलेल्या स्वस्त मशीनपेक्षा बावीस हजारांनी कमी. मात्र ते परत मिळायला बिल ऑफ एन्ट्री स्वतःच्या नावाचं लागतं.

मशीन आलं गणपतीच्या आठ दिवस आधी. ट्रान्सपोर्टच्या टेम्पोतून लाकडी खोकं उतरलं तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले होते. खोक्याच्या एका बाजूच्या फळ्या काढून पुन्हा ठोकलेल्या दिसत होत्या. बिल्टीवर पाठवणाऱ्याचं नाव भिवंडीकडच्या कुठल्याशा व्यापाऱ्याचं, आणि मालाचं वर्णन "मशिनरी पार्ट". चीनचा उल्लेखच नाही. मी ते वाचलं. चष्मा लावून वाचलं. आणि नारळ फोडला. त्या दिवशी त्याने पहिली पाटी कोरली ती माझ्या नावाची. सागवानी फळीवर. ती अजून माझ्या दाराला आहे.

पुढचे चार महिने सगळं छान चाललं. जानेवारी २०२४ मध्ये त्याला बँकेतून पत्र आलं. आपण परदेशी पाठवलेल्या रकमेसमोर मालाची नोंद दिसत नाही, बिल ऑफ एन्ट्रीचा क्रमांक द्यावा. पैसे बाहेर गेले तर त्याचा माल खरंच आत आला का, हे बँकेला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बघावं लागतं. २०१६ पासून हे सगळं संगणकात जुळवलं जातं. आमच्या बाबतीत पैसे गेल्याची नोंद होती आणि माल आल्याची नव्हती. कागदोपत्री आमच्या मुलाने पावणेपाच-पाच लाख रुपये परदेशी पाठवले आणि बदल्यात काहीच आणलं नाही!

त्याने चीनला विचारलं. "काळजी करू नका मित्रा, आमचा एजंट बघेल." एजंटला विचारलं. एजंट म्हणाला, माल बऱ्याच जणांचा एकत्र आला, बिल ऑफ एन्ट्री आमच्या पार्टीच्या नावाने आहे, ते देता येणार नाही. तुम्हाला बिलच हवं ना? अठरा टक्के वर द्या, एका इथल्या फर्मचं जीएसटीचं पक्कं बिल देतो, हव्या त्या तारखेचं.

ते घेऊन तो माझ्याकडे आला. आधी सीएकडे जाऊन आला होता. सीएने सांगितलं होतं, की ज्याच्याकडून माल घेतलाच नाही त्याचं बिल लावून कर वळता करून घेणं हा सरळ गुन्हा आहे. आणि मूळ मालावर पुरता कर भरला गेला नसेल तर तो माल कुणाच्याही दुकानात असो, जप्त होऊ शकतो. भरला गेला की नाही, ते कळायला आपल्याकडे कागद नाही.

पावसाळी कोंबडीसारखा बसला होता. चहा पुढे ठेवला, तो निवला. मला वाटत होतं की त्याने एकदा तरी म्हणावं, "बाई, तुम्हीच म्हणालात." म्हणाला नाही. त्याच्या जागी मी असते तर म्हटलं असतं. शेवटी मीच म्हटलं, "अरे, हे माझ्यामुळे झालं."

"नाही हो बाई. मलाही सोपंच हवं होतं."

थोड्या वेळाने म्हणाला, "घेऊ का ते बिल? ऐंशी हजारांचा प्रश्न आहे. आणि बँकेला काय सांगू?"

खरं सांगते, लगेच नाही म्हणवलं नाही. त्यात माझे लाख रुपये होते, दुकानातल्या दोन पोरांचे पगार होते, त्याच्या मुलीची फी होती. मुलांना प्रामाणिकपणावर निबंध लिहायला सांगणं वेगळं. दहा ओळींचा निबंध आणि ऐंशी हजार रुपये. पण बिल घेतलं असतं तर पुढच्या प्रत्येक कागदाला ते सांभाळत बसावं लागलं असतं. मी म्हटलं, "नको घेऊ. बँकेला जे झालं तेच लिही. मी बसते तुझ्याबरोबर."

मग आम्ही दोघांनी बसून पत्र लिहिलं. आधी मराठीत लिहिलं, मग त्याच्या मुलीने इंग्रजी केलं. कुणाला पैसे दिले, काय अट होती, माल कधी आला, बिल्टीची प्रत, मशीनचा फोटो, त्यावरचा क्रमांक. त्याने पहिल्या मसुद्यात "अनवधानाने" असा शब्द घातला होता, तो मी काढला. अनवधान कसलं? दोघांनी डोळे उघडे ठेवून केलं होतं.

बँकेने पत्र ठेवून घेतलं आणि नोंद उघडीच ठेवली. ते ऐंशी हजार गेले. त्या वर्षी त्याने दुकानाचा रंग काढायचा राहू दिला, दिवाळीला नवी ट्यूबसुद्धा लावली नाही. माझे पैसे मात्र दर महिन्याला पाच हजार असे देत राहिला. मी नको म्हटलं तर रागावला. पुढे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने दहा लाखांपर्यंतच्या अशा नोंदी आयातदाराच्या लेखी निवेदनावरून मिटवायची मुभा दिली, तेव्हा कुठे त्या प्रकरणाच्या फाइलला दोरी बांधायची वेळ आली.

मधल्या काळात त्याने त्याच मशीनचे सुटे भाग मागवले, ते स्वतःच्या नावाने. कस्टमचा परवानाधारक एजंट रीतसर नेमला, कर स्वतः भरला. बिल ऑफ एन्ट्री छापून मला दाखवायला आणलं. मी ते एखाद्या गुणपत्रिकेसारखं वरपासून खालपर्यंत वाचलं. आयातदार म्हणून त्याचं नाव, सांगलीचा पत्ता. नावातली वेलांटी इंग्रजीत कशी दिसते बघा, म्हणून हसलो आम्ही. मला वाटत होतं तसं कस्टमच्या दारात त्याला एकदाही उभं राहावं लागलं नाही. सगळं संगणकावर झालं. १९९४ ची माझी ती जिन्याखालची बाकं मी उगीच त्याच्या वाटेत आणून ठेवली होती.

इतिहासाच्या तासाला मी वर्षानुवर्षं एक गोष्ट सांगायचे. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र लिहून बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितली, म्हणजे संगमेश्वरकडचं आपलं मीठ विकलं जाईल. मुलांना ते आवडायचं. पण त्या नाक्यावर मिठाची गोणी कुणाच्या नावाने लिहिली जायची, हे मी कधी त्यांना विचारलं नाही, की स्वतःलाही नाही. असो.

आता माझी स्वतःची पाळी कशी आली ते सांगते.

माझी लेक न्यू जर्सीत असते. नात आता सोळा वर्षांची. तिला पहिली साडी आजीनेच द्यायची, असं आमचं जुनं ठरलेलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मी तिच्यासाठी डाळिंबी नारायणपेठ घेतली, बारा हजारांची. पार्सल करायला निघणार तोच बातमी आली की अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी २९ ऑगस्टपासून काढून टाकली आहे, आणि आपल्या पोस्टाने २५ ऑगस्टपासून तिकडची पार्सलं घेणं थांबवलं आहे. साडी कपाटात राहिली. गणपती गेले, दसरा गेला. १५ ऑक्टोबरला पोस्टाने पुन्हा सुरू केलं, दिल्ली आणि महाराष्ट्र विभागात आधी चाचणी घेऊन. आणि कुठल्या पद्धतीने? तर डीडीपी! पेपरात ती तीन अक्षरं वाचली आणि मी चष्मा पुसून पुन्हा वाचली.

या वेळी मी विकणाऱ्याच्या जागी होते. अमेरिकेतला कर पाठवणाऱ्याने इथेच, पार्सल देतानाच भरायचा. पोस्ट तो पुढे तिकडच्या कस्टमकडे पोचवणार. दर तेव्हा जाहीर केलेल्या किमतीच्या सरसकट पन्नास टक्के. बारा हजारांच्या साडीला सहा हजार. टपालखर्च वेगळा.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, वेडी आहेस का? शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूला कर नाही. आठ हजार लिही आणि गिफ्ट म्हण. सगळे तेच करतात."

शंभर डॉलर म्हणजे तेव्हा पावणेनऊ हजारांच्या आसपास. आठ हजार लिहिलं की काम झालं. सहा हजार वाचले. साडीवर काय किंमत कोरलेली असते? मी घरी एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं, "साडी १, भेट, रु. ८,०००." हो, लिहिलं. ऐंशी हजार सोडायला सांगणाऱ्या बाईंनी.

पोस्टात मला तोच विद्यार्थी घेऊन गेला, त्याच्या गाडीतून. रांग होती, म्हणून बाकावर बसलो. त्याने माझ्या हातातली चिठ्ठी बघितली. साडी घ्यायला मी त्याच्याच बायकोला बरोबर नेलं होतं, तेव्हा किंमत त्याला माहीत असणार. तो काही बोलला नाही. पंख्याकडे बघत बसला. बोलला असता तर मी भांडले असते. माझा पैसा आहे, नातीची साडी आहे, तिकडच्या सरकारचं मी काय देणं लागते, वगैरे सगळं माझ्या ओठांवर तयार होतं. रांग पुढे सरकत होती. मधे एक बाई मसाल्याचे डबे घेऊन आल्या, त्यांचं वजन जास्त भरलं, त्या परत उघडून बसल्या.

खिडकीशी गेल्यावर आतल्या मुलीने विचारलं, "आजी, काय आहे? किंमत?"

"साडी. बारा हजार."

तिने वर बघितलं. "कर सहा हजार होईल हं आजी. आत्ताच भरावा लागेल."

"हो, माहीत आहे."

पैसे मोजून देताना हात जरा जड झाला, खोटं कशाला सांगू. पेन्शनर माणसाला सहा हजार म्हणजे थोडे नव्हेत. पावती मिळाली. तिच्यावर पाठवणाऱ्याचं नाव, साडी, किंमत, भरलेला कर, सगळं स्वच्छ छापलेलं. गाडीत बसल्यावर त्याने ती मागितली आणि सिग्नल लागेपर्यंत वाचत राहिला. मग म्हणाला, "बाई, डीडीपी अशी असते होय!" आणि आम्ही दोघंही हसत सुटलो.

पार्सल तुळशीच्या लग्नाच्या आधी पोचलं. लेक सांगत होती, पोस्टमन दारात ठेवून गेला, कुणी दमडी मागितली नाही. मग जरा थांबून म्हणाली, "आई, बारा लिहिलंस ना?"

"हो."

ती काही क्षण गप्प. मला वाटलं आता बोलणी बसणार. तर म्हणाली, "साडी सुंदर आहे गं. पण एवढं सगळं केलंस, तर फॉल-बीडिंग तिथूनच करून पाठवायचं होतंस. इथे त्याचेच चाळीस डॉलर मागतायत."